बघायला आलेली मुलगी

"ही पोरगी अँप्युल बघत नाही कौसा, आपल्याला बघायली," मंदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

मी मान न वळवता नजर तिरकी केली. रांगेच्या टोकाला, हमीदाआपांच्या शेजारी, नवी मुलगी बसली होती. हातात काचेची कुपी, समोर दिवा, आणि लक्ष मात्र आमच्या हातांकडे. मी बघतेय हे कळल्याबरोबर तिनं कुपी दिव्यासमोर धरली.

"नवी आहे. शिकेल," मी म्हणाले. पण मंदाचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

त्या वेळी मी औरंगाबादला, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत चेकिंगला होते. आमची खोली अंधारी. प्रत्येकीच्या पुढ्यात एक दिवा आणि त्याच्यामागे अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. औषध भरलेली अँप्युल मानेला धरायची, उलटी करायची, गिरकी द्यायची आणि आधी काळ्यावर, मग पांढऱ्यावर बघायची. काचेचा कण असला तर काळ्यावर चमकतो. केस, धूळ, जळका ठिपका असला तर पांढऱ्यावर दिसतो. दिसलं की रिजेक्टच्या डब्यात. आमच्या नजरेतून सुटलेली अँप्युल सरळ कुणाच्या तरी शिरेत जायची. काम एवढंच, पण ते करता करता डोळ्यांचं पाणी व्हायचं.

हे काम मला हमीदाआपांनी शिकवलं. मलाच काय, रांगेतल्या सगळ्यांना. नवरा वारल्यावर त्या कंपनीत लागल्या होत्या. मुलगी रेहाना डी.एड. करत होती. कंपनीत आपांच्या नजरेची ख्याती होती. पारगावकर साहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, नव्या मुलींना सांगायचे, "त्या हमीदाबाईंकडं बघा. त्यांच्या ट्रेमध्ये कधी काही सापडलं का?"

सापडायचं नाही, कारण आपांचा ट्रे आधी माझ्याकडे यायचा.

आपांना दिसेनासं होत चाललं होतं. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरली होती. ऑपरेशन केलं तर जाड भिंगाचा चष्मा लागणार, आणि चष्मेवालीला चेकिंगला ठेवत नाहीत. मागच्या साली एका बाईला याच कारणानं घरी बसवलं होतं. रेहाना शिक्षिका होईपर्यंत कसंही करून निभावायचं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं की बोलून दाखवलं नव्हतं. आपा ट्रे संपवून डाव्या हाताला सरकवायच्या, मी तो पुन्हा तपासायची आणि माझ्या वाट्याचं काम मंदा आणि पुढच्या दोघी-तिघी उचलायच्या. साहेबांना दिसायचं ते एवढंच, की या रांगेतल्या बायका ट्रे इकडचे तिकडे करतात.

आणि आता त्या रांगेत ही येऊन बसली होती. नाव सांगितलं विदुला. पैठणची, दहावी नापास, घरची अडचण.

"दहावी नापास?" मंदा डबा खाताना म्हणाली. "दिवा लावायचं बटण सापडेना तेव्हा वर काय लिहिलंय ते इंग्रजी वाचून लावला तिनं. मी बघितलं."

"नापास झाली म्हणजे वाचता येत नाही असं थोडंच आहे?"

"आणि पैठणची असून ठेचा खाऊन डोळ्यातून पाणी काढती?"

विदुला आमच्यातच डबा खायला बसायची. कुणी काही दिलं की घ्यायची, चव घेऊन खायची, आणि मग हळूच एखादा प्रश्न विचारायची. "तुम्ही सगळ्या डावीकडेच ट्रे का ठेवता हो?" "आपांना किती वर्षं झाली?" "साहेब रागावले तर तुम्ही कुणाला सांगता?" आवाज अगदी साधा. पण आमच्या कुणाला तसे प्रश्न पडलेच नसते. कामावर आलेली बाई आधी ओव्हरटाइम किती मिळतो ते विचारते, बस कुठून सुटते ते विचारते, पाठ दुखते म्हणून कण्हते. हिनं एकदाही कुरकुर केली नाही. कामाचा वैताग नसलेली कामगार मी आजवर दुसरी पाहिली नाही.

पॅकिंग खात्यात पूर्वी एकदा असंच झालं होतं. एक गोडबोली बाई आणून बसवली, सगळ्यांची गुपितं तिच्या पदरात पडली आणि मग एकेकीला मेमो. ती मॅनेजरनं पेरलेली निघाली. तेव्हापासून नव्या माणसाच्या बाबतीत आम्ही ताकही फुंकून प्यायचो.

तरी मी म्हणत होते, उगाच कुणावर आळ नको. मग एका दुपारी पारगावकर साहेबांनी मला मॅनेजरच्या केबिनकडं पाठवलं, सह्यांचे कागद द्यायला. दार अर्धवट उघडं होतं. आत विदुला खुर्चीवर बसली होती. आम्ही त्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून बोलत आलो. ही बसली होती, पुढ्यात चहा होता आणि मॅनेजर हसून तिला काहीतरी विचारत होते. मी कागद शिपायाच्या हातात दिले आणि मागं फिरले.

"म्हटलं नव्हतं?" मंदाचे डोळे चमकले. "आपांचंच बघायला आणलीय तिला. म्हणून शेजारी बसवली."

शिफ्ट सुटल्यावर आम्ही बसथांब्यावर आपांना गाठलं. ऐकून त्यांनी हातातली पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "उद्यापासून माझा ट्रे कुणी घेऊ नका."

"आपा, पण..."

"एकीच्या पायी सगळ्यांची रोजी नको जायला. चुकून एखादी सुटते माझ्याकडून. मी सावकाश बघीन."

मी मंदाकडं पाहिलं. मंदानं जमिनीकडं पाहिलं. आपांना वाटत होतं, त्यांच्याकडून चुकून एखादी सुटते. त्यांच्या ट्रेमधून मी रोज काय काय काढत होते, ते त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? ज्यांनी बघायला शिकवलं, त्यांना?

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीचा ट्रे प्रत्येकीपाशी. रांगेत बोलणं नाही, हसणं नाही. आपा एकेक अँप्युल दिव्याच्या इतक्या जवळ न्यायच्या की कपाळ तापून लाल व्हायचं. तरी त्यांचा ट्रे भरायचा, पॅकिंगचा माणूस उचलून न्यायचा आणि मी तो दाराआड जाईपर्यंत बघत राहायची. माझ्या भाच्याला त्या महिन्यात न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात त्याला इंजेक्शन देताना मी सिस्टरच्या हातातली कुपी मागून घेतली आणि खिडकीशी धरून बघत बसले. ती म्हणाली, "अहो बाई, असं काय करता?" मी काय सांगणार!

विदुला मात्र बदलली नाही. बघतच होती. फक्त आता तिच्या कपाळाला आठी पडलेली असायची, जणू चालता चालता वाट चुकली आहे. एकदा तिनं मला विचारलंही, "कौसाताई, तुम्ही हल्ली एकमेकींशी बोलत का नाही? काही झालंय का?"

"कामाच्या वेळी काम करावं," मी म्हणाले. "साहेबांना तेच आवडतं. सांग त्यांना."

ती चपापली. मला वाटलं, चोर सापडला.

आणि मग मी ते पाहिलं. आपा पाणी प्यायला उठल्या होत्या. विदुलानं इकडंतिकडं बघितलं, आपांचा भरलेला ट्रे स्वतःकडं ओढला आणि भराभर अँप्युल दिव्यासमोर धरायला लागली. हात बराच सरावला होता तिचा. मधेच एक बाजूला काढली. मग आणखी एक, मग आणखी. रिजेक्टच्या डब्यात टाकल्या नाहीत. रुमालात गुंडाळल्या आणि ॲप्रनच्या खिशात घातल्या.

पुरावा गोळा करायली, मी मनात म्हटलं. मी मंदाला खुणावलं.

थोड्या वेळानं विदुला बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीकडं गेली. आम्ही दोघी तिच्यामागं. आत शिरल्यावर मंदानं दार लावून पाठ टेकली.

"काढ खिशातलं," मी म्हणाले.

"कौसाताई, काय..."

"काढ म्हणते ना!"

तिनं रुमाल बाहेर काढला. मंदा म्हणाली, "कुणाला दाखवायला चालली होतीस? मॅनेजरला?"

"कुणालाच नाही. मोरीत फोडून टाकणार होते."

"रिजेक्टचा डबा काय मोडला होता?"

"मी शिकाऊ आहे. माझे रिजेक्ट पारगावकर साहेब स्वतः मोजतात. एवढे कुठून आले म्हणून विचारलं असतं, आणि आपांच्या डब्यात टाकले असते तर आपांनाच कळलं असतं. हे पुढं गेलं असतं तर..." तिनं रुमाल घट्ट धरला. "आधी तुम्ही काढत होतात. मला दिसत होतं ते. मग अचानक थांबलात. मी काय करायला हवं होतं?"

मंदा म्हणाली, "म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं."

"पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"आणि केबिनीत चहा पिता पिता सांगून टाकलंस."

"नाही. त्यांनी विचारलं, मी नाही सांगितलं." ती भिंतीला टेकली आणि मग सगळं एकदम सांगून मोकळी झाली. दहावी नापास नव्हती. एम.ए. होऊन पुण्याला समाजशास्त्रात पीएचडी करत होती. कारखान्यातल्या बायका कशा काम करतात, एकमेकींशी कशा वागतात, हा विषय. तिच्या सरांची आणि मॅनेजरची ओळख, म्हणून इथं शिरता आलं. "लोकांना विचारलं की ते चांगलं तेवढंच सांगतात. म्हणून त्यांच्यात बसायचं, त्यांचंच काम करायचं आणि बघायचं. आपण कोण ते सांगायचं नाही. सांगितलं की माणसं वागणं बदलतात."

"बघायला आलीस?" मंदा भडकली. "आम्ही काय जत्रेतला तमाशा? माझ्या डब्यातला ठेचा खाल्लास, माझ्या सासूचं गाऱ्हाणं ऐकलंस, ते सगळं बघायचं म्हणून?"

"आणि न सांगता काय मोठं साधलंस?" मी म्हणाले. "बदललंच ना आमचं वागणं? तू कोण ते कळेना, म्हणून बदललं."

"एकदा विचारायचं होतंत ना मला," ती हळूच म्हणाली.

"तू खरं सांगितलं असतंस?"

दारावर थाप पडली. "मंदा, उघड गं." हमीदाआपांचा आवाज. मंदानं माझ्याकडं पाहिलं. उघडावंच लागलं. आपा आत आल्या, आमच्या तिघींचे चेहरे त्यांना नीट दिसले नसतील, पण खोलीतला ताण कळला असावा. त्यांनी विचारलं, "या पोरीला का कोंडलंत?"

मी पुढं होऊन दार पुन्हा लोटलं.

"माझ्या ट्रेचं काही आहे का?"

"तसं काही नाही आपा," मी म्हणाले. "चला, साहेब ओरडतील."

पण आपा विदुलाकडं वळल्या. "तू सांग बेटा. ह्या दोघी माझ्याशी खरं बोलायच्या नाहीत. माझ्या ट्रेमध्ये काही निघालं?"

मी विदुलाकडं रोखून बघितलं. नको, नको, असं डोळ्यांनी सांगितलं. तिनं ते पाहिलं, आणि तरीही आपांचा हात उलटा करून तळव्यावर रुमाल सोडला.

आपांनी एक अँप्युल उचलली, छताच्या ट्यूबलाइटकडं धरली, उलटी केली, गिरकी दिली. आम्हाला शिकवली होती तश्शीच. मनगट अजून तसंच सफाईदार फिरत होतं.

"यात काय आहे?"

"काच," विदुला म्हणाली.

त्यांनी दुसरी धरली. "आणि यात?"

"काच."

तिसरी त्यांनी धरलीच नाही. बाकीच्या बोटांनी नुसत्या चाचपून पाहिल्या. "या इतक्या दिवसांतल्या?"

"एका ट्रेमधल्या."

आपा बाकड्यावर बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "कौसा, तू रोज एवढ्या काढत होतीस?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, एवढी हालचाल त्यांना दिसायची नाही. "हो आपा," मी म्हणाले.

"मला एकदा सांगायचं नाही का गं?"

त्यांनी रुमालाच्या कडा नीट जुळवल्या, गाठ मारली आणि उठल्या. मी वाटेत आडवी आले, मंदानं हात धरला, पण त्या थांबल्या नाहीत. सरळ पारगावकर साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझे डोळे गेलेत. गेल्या काही दिवसांत माझ्याकडून गेलेले सगळे ट्रे परत आणवा."

साहेबांनी ट्रे परत आणवले, आणि आपांना मॅनेजरकडं नेलं. तिथं काय झालं ते आपांकडूनच कळलं. मॅनेजरनं रुमाल कुणाचा ते विचारलं आणि विदुलाला बोलावून घेतलं. "तुला हे ठाऊक होतं, मग मला का नाही सांगितलंस?" विदुला म्हणाली, "मी बघायला आले होते, तुम्हाला खबर द्यायला नाही." मॅनेजर म्हणाले, "मग बघणं झालं. निघ." वॉचमननं तिला फाटकाबाहेर काढलं. पिशवीसुद्धा मागाहून नेऊन दिली.

आपांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

जेवणाची सुट्टी संपून आम्ही दिव्यांसमोर बसलो होतो, तेव्हा आपा त्यांचा डबा न्यायला आल्या. रांगेमागून चालताना प्रत्येकीच्या खांद्याला हात लावत आल्या. खुर्च्यांची मापं पाठ होती त्यांना. माझ्या खांद्यावर हात पडला तेव्हा मला मागं वळवेना.

"काय झालं आपा?" मंदानं विचारलं.

"झालं ते बरं झालं. कुणाच्या लेकराच्या अंगात काच नको जायला."

"काम दुसरं देता येत नाही का? ॲप्रन-टोप्यांच्या खोलीत बाई पाहिजेच आहे."

"साहेब म्हणतात, डोळे गेलेल्या बाईचं इथं काम नाही."

मंदानं हातातली अँप्युल ट्रेमध्ये ठेवली. "आपांचे डोळे गेले ना?" ती मोठ्यानं म्हणाली. "मग माझेही गेले." आणि तिनं दिव्यासमोर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले.

मीही मिटले. दिव्याचा उजेड पापण्यांतून लाल दिसत राहिला.

थोड्या वेळानं पारगावकर साहेबांच्या बुटांचा आवाज आला. आधी नेहमीसारखा, मग थबकलेला, मग घाईचा. "काय चाललंय हे? नरवडे! डोळे उघडा!" नरवडे म्हणजे मी. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मनात सारखं येत होतं, एक डोळा किलकिला करून बघावं. बाकीच्यांनी खरंच मिटलेत का? का मी आणि मंदा दोघीच येड्यासारख्या बसलोय? खोलीत अँप्युल ठेवल्याचा टिक असा आवाज येत होता का? येतोय असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. इतके दिवस मी प्रत्येकीवर डोळा ठेवला होता. त्या दिवशी नाही ठेवला.

बूट गेले, दुसऱ्या बुटांना घेऊन परत आले. मॅनेजरचा आवाज चढला, मग उतरला. माल त्या दिवशी जायचा होता, ट्रक फाटकात उभा होता. कुजबुज झाली. शेवटी पारगावकर साहेबच म्हणाले, "हमीदाबाई, उद्या ॲप्रनच्या खोलीत या. सांगा आता यांना."

आपांनी सांगितलं. रडत सांगितलं, त्यामुळं आम्हाला दोनदा ऐकावं लागलं.

आपांनी पुढं ऑपरेशन करून घेतलं. जाड चष्मा लावून ॲप्रनच्या घड्या घालत त्या रिटायर झाल्या. रेहाना जालन्याला शिक्षिका झाली.

विदुला परत भेटली ती बऱ्याच वर्षांनी, मुकुंदवाडीत माझ्या घरी. केस पिकलेले, कॉलेजात प्राध्यापक. पत्ता शोधत आली होती. मी तिच्या पुढ्यात ठेचा ठेवला आणि डोळ्यांत पाणी येतं का ते बघितलं. आलं.

"तो विषय मी सोडून दिला," ती म्हणाली. "आधी मी लिहिलं होतं, या बायका एकमेकींचं काम उचलतात. मग लिहिलं, कुणी कुणाचं उचलत नाही. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि खरी गोष्ट घडली तेव्हा मी फाटकाबाहेर रिक्षा शोधत होते."

मी म्हणाले, "आपांना तू तो रुमाल दिलास, त्याचा मला पुष्कळ दिवस राग होता."

"आणि आता?"

"आता तू भाकरी खा."

ती हसली. मग पुढं सरकून, पूर्वीसारखाच साधा आवाज काढून विचारायला लागली, "त्या दिवशी नक्की काय झालं ते सांगा ना. मंदाताईंच्या नंतर कुणी मिटले? सगळ्यांनी मिटले की काहीजणींनी? मॅनेजरचा चेहरा कसा झाला होता?"

"मला काय माहीत बाई. माझे डोळे मिटलेले होते."

"मंदाताईंनी पाहिलं असेल."

"तिचेही मिटलेले."

"कुणी तरी पाहिलं असेलच की! कुणीच नाही?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "एकीनं जरी बघितलं असतं ना विदुला, तरी ते जमलं नसतं."